धोका दुप्पट

३ फेब्रुवारी

चि. टिल्लू यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पेपरात सोमवारी वाचलं, ‘रक्तदाबाच्या गोळीने मूत्रपिंडांचा धोका दुप्पट!’ त्याच दिवशी यांची गोळी बंद केली. सख्खा भाऊ पेपरात असताना डॉक्टरला काय विचारायचं? हे जरा कुरकुरले, पण माणूस ठणठणीत आहे. उलट गाल लाल झालेत, तेज आलंय. मोबाइलने मेंदू तापतो असं तुम्ही छापलंत तेव्हापासून तोही बंदच ठेवलाय, म्हणून पत्रानेच कळव, आणखी काय काय थांबवायचं?

तब्येत सांभाळ. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी ताई

५ फेब्रुवारी

ती. ताईस टिल्लूचा शि. सा. न. वि. वि.

आधी भावोजींना दवाखान्यात ने, मग पुढचं वाच.

तो मथळा माझा. मूळ अहवालात एवढंच होतं, की दहा हजारांत एकाला होणारा त्रास गोळी घेणाऱ्यांत दोघांना झाला. ‘दोघांना’ म्हटलं की वाचक पान उलटतो, ‘दुप्पट’ म्हटलं की चहा सांडतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका, हे शेवटच्या परिच्छेदात होतं. ऐनवेळी गाद्यांची जाहिरात आली आणि तो मीच उडवला. आमच्याकडे बातमी खालून कापतात, आणि शहाणपण नेमकं खालीच असतं. मला विज्ञानातलं किती कळतं हे तुला ठाऊक आहे. पण आमच्याकडे राशिभविष्य बघतो त्यालाच विज्ञानाचं पान देतात.

लाल गाल म्हणजे तेज नव्हे, ताई. तुझं उत्तर येईपर्यंत घास उतरायचा नाही. हवं तेवढं बोल, पण नातं तोडू नकोस.

टिल्लू

८ फेब्रुवारी

चि. टिल्लू यास अनेक आशीर्वाद.

आधी पोटभर जेव. रक्तदाब अगदी जागेवर आहे.

आठवडाभर गोळी नाही आणि दाब असा कसा, डॉक्टर कोड्यात पडले. तेव्हा यांनी घसा खाकरला आणि चष्म्याच्या डबीतून गोळ्यांची पट्टी काढली. मी जुनी पट्टी लपवली त्याच संध्याकाळी नवी आणली होती. रोज सकाळी तुझाच पेपर तोंडासमोर धरायचा आणि आडून गोळी गिळायची. गाल लाल होते ते चोरी पचत नव्हती म्हणून. मला का नाही सांगितलं, असं विचारलं, तर म्हणाले, “तुझ्याशी वाद घालण्यापेक्षा गोळी गिळणं सोपं. आणि मेव्हण्याच्या पेपरातलं हवामानसुद्धा मी खिडकीतून बघून घेतो.”

तीस वर्षं या खवचटपणावरून भांडले. काल मात्र दवाखान्यातच त्यांचा हात धरला.

पण टिल्लू, तुझा पेपर हजारो घरांत जातो, आणि प्रत्येक घरी असा अविश्वासू नवरा नसतो. उद्याच चूक कबूल कर. पहिल्या पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. गाद्या थांबतील.

रागावले आहे, पण दार उघडं आहे.

तुझी ताई