नव्या ग्रहाचे फळ

सोलापूर, चैत्र वद्य पंचमी, शके १८५२

तीर्थरूप रेवणप्पाअण्णांस,

धाकट्या सावित्रम्माचा नमस्कार. तुमचा खोकला पुण्याच्या हवेने कमी झाला की वैनींच्या काढ्याने, ते कळवावे. (दोघेही श्रेय घेत असतील.) इकडे सगळे बरे आहेत, फक्त मालक दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. त्याचे कारण आकाशात आहे.

आपल्या कमळेने सातवी पास केली आणि पुण्याला शिकून मास्तरीण होईन म्हणाली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मालकांनी ज्योतिषीबुवांना बोलावले. बुवांनी पत्रिका पाहून सांगितले की मुलीच्या विद्यास्थानी शनी बसला आहे, शिक्षण फळणार नाही, आणि वैशाखात लग्न केले नाही तर पुढे होणार नाही. मैंदर्गीचे एक बिजवर स्थळही त्यांच्या पाहण्यात होते. (शनीची नि त्या स्थळाची ओळख कधी झाली, ते मी विचारले नाही.) कमळा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला, तेव्हाच मी ठरवले की हे होऊ द्यायचे नाही.

दुकानातून चादरींना गुंडाळून आलेले वर्तमानपत्र मी वाचल्याशिवाय टाकत नाही. त्यात होते की अमेरिकेत एक नवा ग्रह सापडला. मोठ्या दुर्बिणीतून एकाच आकाशाचे निरनिराळ्या दिवशी फोटो काढले, ते शेजारी धरून पाहिले, तर एक ठिपका सरकलेला. तोच ग्रह. सूर्याभोवती एक फेरा घालायला त्याला शेकडो वर्षे लागतात म्हणे. मी तो कागद बुवांपुढे ठेवला आणि विचारले, हा पत्रिकेत कुठे आहे?

बुवा म्हणाले, "बाई, त्यो अमेरिकेत सापडलाय. त्याचं फळ तिकडंच."

मी म्हटले, "मग शनी काय सोलापुरात सापडला व्हता?"

मालकांनी डोळे वटारले. मी पदर सावरला, पण जागची हलले नाही. इतकी वर्षे मी या घरात हो ला हो म्हणत आले. त्या दिवशी नाही म्हणाले, आणि छप्पर काही कोसळले नाही.

दुसऱ्या दिवशी बुवा नवी पत्रिका घेऊनच आले. त्यात नवा ग्रह बाराव्या घरात बसवला होता, आणि त्याच्या शांतीसाठी काळे तीळ, घोंगडी आणि तांब्याची घागर लागणार होती. मी आनंदाने मान्य केले. म्हटले, ग्रह वाईट असेल तर तो सरकेपर्यंत लग्न करणे बरे नव्हे. त्याला शेकडो वर्षे लागतात. तेवढ्यात मुलगी शिकून येईल की. बुवा घोंगडीचा विषय सोडून पाणी मागू लागले. मालक उठून दुकानात गेले आणि रात्री एवढेच म्हणाले, "तुजा भाऊ ठेवून घेत असंल तर बघू." तुम्ही दिवाळीला मुलींच्या शिक्षणाविरुद्ध जे बोलला होता ते त्यांच्या लक्षात आहे, म्हणून तुम्ही नाहीच म्हणाल असे धरून निश्चिंत आहेत.

अण्णा, मी तुमच्याकडे काहीही मागत नाही. कोणाच्याही परवानगीवाचून माझी मुलगी शिकेल, एवढे कळवावे म्हणून लिहिले.

तुमची,
सावित्रम्मा

ता. क. हे पत्र तुमच्या हाती देणारी कमळाच आहे. तिची ट्रंक दाराबाहेर असेल, ती आत घ्यावी. तुम्ही होकार दिल्याचे मी मालकांना सांगून टाकले आहे.  ते ऐकून मालक स्वतःच बाजारात जाऊन ट्रंकेला नवे कुलूप घेऊन आले.

आणखी एक. सोबतीची मंडळी सकाळच्या गाडीने निघणार होती. ती मी संध्याकाळच्या गाडीवर नेली, कारण सकाळी राहुकाळ होता. बुवांना मीच विचारले. मुलगी पहिल्यांदाच माझ्यावाचून चालली आहे, अण्णा. हसू नका.