बँकेतून येणारी मुलगी

१३ मार्च, रविवार

दादा,

इतक्या वर्षांनी मायना काय घालावा सुचेना, म्हणून नुसतंच दादा. तुम्ही सगळे सुखरूप असाल. इकडे आम्ही ठीक. बाबा बरे आहेत, फक्त नजर पार गेली.

चौकातल्या बँकेतली माणसं हल्ली सुट्टीच्या शनिवारी म्हाताऱ्यांच्या घरी जातात. पेपर वाचून दाखवतात, दवाखान्यात नेतात. आपल्याकडे एक मुलगी येते. बाबा म्हणाले, फुकट ते पौष्टिक. मला मात्र फुकटाचंच भय वाटतं.

मुलगी गोड बोलते. नाव विचारलं तर म्हणाली, सगळे मला छोटी म्हणतात. पेपर वाचता वाचता तिची नजर घरभर फिरते. मागची खोली कुणाची होती, विचारून झालं. एकदा चहा घेताना सहज म्हणाली, "मागच्या दारचं झाड कधी तोडलं?" ते झाड तोडलं तेव्हा ही पाळण्यातही नसेल. हिला कुणी सांगितलं?

मग मी कपाटाला कुलूप घातलं. ती आली की दाराआड भाजी निवडत बसायचे, कान आत. शेवटी राहवेना, म्हणून परवा बँकेत जाऊन साहेबांना म्हटलं, दुसरं कुणीतरी पाठवा. ते चकित झाले. म्हणाले, तुमचं घर तर तिनंच मागून घेतलंय. आणि तिचं पूर्ण नाव सांगितलं. मधलं नाव तुझं, आडनाव आपलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले,

"पहिल्याच दिवशी ओळखलं मी. हसताना तुझ्या आईसारखा श्वास आत ओढते. तिला काही विचारू नकोस. विचारलंस तर यायची थांबेल."

आता तू खरं सांग. तू पाठवलीस तिला? घरात वाटा हवा असेल तर सरळ तोंडावर माग, पोरीला पुढे करू नकोस. आणि ती तुला न सांगता येत असेल, तर या पत्रानं मीच तिची चहाडी केली. तिला रागावू नकोस.

वर बाबा बरे आहेत असं लिहिलं, ते खरं नाही. जेवण तुटलंय. डॉक्टर आता औषधं बदलत नाहीत, नुसते पाठीवर हात ठेवून जातात. माझ्या हातचे दोन घास घेऊन बाबा तोंड फिरवतात. काल तिच्या हातून वाटीभर भात खाल्ला. मी दाराआडून बघत होते. संशय कमी आणि पोटात दुखणं जास्त, हे तुला लिहितानाच कळतंय.

ती पुन्हा येईल तेव्हा दार मीच उघडेन. तिच्यामागे तू उभा असलास तर तुलाही आत घेईन. पण आधी बाबांजवळ बस. घर नंतर बघ.

इथेच राहिलेली,
तुझी धाकटी बहीण