ॲशवर्थ नावाची माणसं

धामणगाव बढे
५ नोव्हेंबर १९६३

ती. मार्तंडदादास,
शकुंतलेचा सा. न. वि. वि.

काल विलायतेहून तार आली. मजकूर एवढाच : गोपाळ दवाखान्यात, ॲशवर्थ. तार रॉचडेलची. गिरणीत नोकरी लागली एवढंच आपल्या धाकट्यानं कळवलं होतं, नवा पत्ता अजून आलेला नाही.

ॲशवर्थ काय ते कोणालाच कळेना. रामराव मास्तर म्हणाले, दवाखान्याचं नाव असेल. कडूबानं तर गावभर केलं, की गोपाळले ॲशवर्थ झाला. तेव्हापासून आई विचारून राह्यली, की हा रोग बरा होते का नाही.

दादा, मी घाबरले आहे. आपल्याकडं माणूस गेला की 'तब्येत गंभीर' अशीच तार करतात ना? लवकर लिहा. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

शकुंतला

नागपूर
९ नोव्हेंबर १९६३

चि. शकुंतलेस,
अनेक आशीर्वाद.

आईला सांग, ॲशवर्थ हा रोग नाही, तार करणाऱ्याचं आडनाव आहे. आमच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांनी पुस्तक काढून दाखवलं. ॲश हे एक झाड, वर्थ म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्या नावाचं खेडं रॉचडेलजवळच आहे. गावावरून आपल्याकडं आडनावं पडतात, तसंच ते.

पण आता भीती वेगळी आहे. बाकी इंग्लंडात हे नाव विरळ, आणि नेमकं त्याच भागात घरोघरी. मी 'ॲशवर्थ, रॉचडेल' अशी तार केली, ती अपुरा पत्ता म्हणून परत आली. यातला आपला ॲशवर्थ कोणता? मला झोप नाही. हे आईला कळू देऊ नकोस. जपून राहा.

मार्तंड

धामणगाव बढे
१३ नोव्हेंबर १९६३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आई सकाळपासून पोस्टाच्या पायरीवर बसते. जेवत नाही. काल मला म्हणाली, पोरगा गेला असन तं मले सांगून टाक, मी रडून घेईन. मी काय सांगू?

एक सुचलं. नुसतं 'देशमुख, धामणगाव' असं पत्र आलं, तर तुळशीराम पोस्टमन ते देशमुखांच्या सगळ्या घरी दाखवतो. तसंच करा. तिथल्या वर्तमानपत्राला लिहा, गावातल्या सगळ्या ॲशवर्थांना उद्देशून. एक तरी बोलेल. उशीर करू नका, पाया पडते.

शकुंतला

रॉचडेल
८ डिसेंबर १९६३

ती. शकुताईस,
गोपाळचा सा. न. वि. वि.

अक्षर डाव्या हाताचं आहे. उजव्या हाताची तीन बोटं पिंजणयंत्रात गेली. जखम चिघळली, बरेच दिवस ताप होता. आता उतरला आहे.

तार घरमालकीण ॲशवर्थबाईंनी केली. त्या विधवा आहेत, गिरणीतच विणकाम करतात. नवा पत्ता तुम्हांला कळला असेल असं त्यांना वाटलं. पण पत्त्याचं पत्र मी जहाजाच्या टपालानं टाकलं होतं, ते वाटेतच असणार. पुढं काही कळवू नका, अशी मीच त्यांना शपथ घातली. तीन बोटांचं आईला कसं सांगू, या भीतीनं मी गप्प राहिलो. तुमच्या भीतीचा विचारच केला नाही.

मागच्या रविवारी वॉर्डात अकरा माणसं आली. म्हातारे, बाया, एक पोलीस. सगळे ॲशवर्थ. एकमेकांना ओळखत नव्हते. दादाचं पत्र छापलेलं कात्रण प्रत्येकाच्या हातात. प्रत्येकानं विचारलं, आई वाट पाहतेय तो तूच का? नर्सला वाटलं, हे सगळं एकच कुटुंब. मी हो म्हणालो.

आईला सांग, पोरगा जेवतो आहे, आता तिनंही जेवावं. रागावली असलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा
गोपाळ