अँबेसेडरचा हार

मखमलाबाद, नाशिक

प्रिय यादव,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. दाजीचं अक्षर बघून हसलास तरी चालेल, पण फाडू नकोस.

आज आपला जुना वाद एकट्यानेच उकरून काढला. माझी फियाट हजार एकोणनव्वद सीसीची, तुझी अँबेसेडर चारशेने मोठी. पण वजनही दोन क्विंटल जास्त, त्यामुळे सप्तशृंगीच्या घाटात माझी गाडी कायम पुढे. लिटरला दोन-तीन किलोमीटर जास्त देते. नाशकातल्या द्वारका चौकाच्या गर्दीत एका दमात वळते. तुझ्या गाडीला वळायला निम्मा चौक लागायचा. हे सगळं मी तुला शंभरदा ऐकवलंय. तू एवढंच म्हणायचास, "दाजी, माझ्या गाडीत माणूस बसतो, तुमच्या गाडीत घुसावं लागतं." मी ते कधी मनावर घेतलं नाही.

मग चार वर्षांपूर्वीचा तो दसरा. दोन्ही गाड्या धुऊन अंगणात उभ्या होत्या. फियाटला मी पहाटे तोडलेल्या झेंडूचा हार घातला, आणि तुझ्या गाडीला बाजारातून परत आलेल्या फुलांचा. गंमत म्हणून. फुलं पिकवणाऱ्याच्या दारात पाहुण्याला शिळा हार! तू सोनं न घेताच येवल्याला निघून गेलास. तुझी अक्का फाटकापर्यंत मागे आली होती, ते तू पाहिलं नाहीस.

यंदा श्रावणात अक्का मळ्यात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. तुला कळवू दिलं नाही. राग गेल्यावर आपणहून येईल, म्हणाली. आता काठी धरून चालते, पण वाकता येत नाही. फियाटमध्ये बसवायला गेलो, तर तिला कळ सोसवेना. भाड्याची उंच गाडी आणली, तिच्यात पाय चढेना. परवा म्हणाली, "माझ्या भावाची गाडी बरोब्बर खुर्चीएवढी हाय." इतकी वर्षं मी सगळं मोजलं, बसायची उंची तेवढी मोजली नाही.

तिला माहेरी यायचंय, यादव. रोज विचारते, कधी जायचं. माझं चुकलं. दसऱ्याला अँबेसेडर घेऊन ये आणि तिला घेऊन जा. मी फियाटने मागून येईन, घाई करणार नाही. विहिरीकडचा झेंडूचा वाफा बाजाराला तोडलेला नाही. तो तुझ्या गाडीचा आहे.

तुझाच,
खंडूदाजी