वापरून झालेला कॉम्प्युटर

ता. ३ जून

चि. चिमटीस,

अ. उ. आ. वि. वि. फोनवर तिसऱ्या मिनिटाला आपलं वाजतं, म्हणून आईने घालून दिलेल्या नियमाप्रमाणे महत्त्वाचं ते पत्राने कळवते आहे.

आमच्या राजेंना त्यांच्या बाबांनी नवा कॉम्प्युटर घेतला. तीन वर्षं चिरंजीव संगीत करणार होते, आता व्हिडिओ करणार आहेत. त्यामुळे जुना मोकळा झाला. ग्राफिक्स कार्ड चांगलं आहे, पडद्यावर ओरखडा नाही, पंखा तेवढा गुणगुणतो. तुझी ठिपकी सुट्टीत पंधरा दिवस इथे होती, तेव्हा त्याच्यासमोरून जेवायलाही उठत नव्हती. तिला अ‍ॅनिमेशनची फिल्म महिनाअखेर कॉलेजात द्यायची आहे, नाहीतर वर्ष फुकट जाईल, असं तीच म्हणत होती. मग पाठवू का? लगेच नाक फुगवू नकोस. आधी पाणी पी, मग उत्तर लिही.

बाकी क्षेम. तुझ्या रागासकट तुझी,
ताई

ता. ८ जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पाणी प्यायले. नाक फुगलेलंच आहे.

तुझे फ्रॉक, तुझं दप्तर, तुझी सायकल, सगळं मी वापरलं. प्रत्येक कॉलरच्या आत तुझं नाव लाल दोऱ्याने शिवलेलं असायचं आणि मी ते पिनेने उसवत बसायची. उसवण्यात मी जी पटाईत झाले ती तिथेच. आज कपडे अल्टर करायचं दुकान चालवते ते तुझ्या कृपेने! निळा फ्रॉक तर तू बाही फाडून मग दिलास. आता माझ्या लेकीने तुझ्या लेकाचं उष्टं वापरायचं? राजेंना नवा आणि आमच्या पोरीला गुणगुणता पंखा. भावोजींसारख्या दातांच्या डॉक्टरांच्या घरात नव्या वस्तू आपोआप उगवतात का ग? एक रोपटं आम्हालाही दे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुन्या कॉम्प्युटरचं दुकान आहे. तिथे एक बघून ठेवलाय. दुकानदार म्हणतो, एका बँकेतला आहे, अगदी सांभाळून वापरलेला. कुणाचा का असेना, तुझा नाही, एवढं मला पुरे.

भावोजींना नमस्कार. राग लोभासारखाच वाढता असावा.

तुझी,
चिमटी

ता. १४ जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. हसायचं नाही अशी शपथ घे आणि मग पुढे वाच.

ठिपकीला घेऊन दुकानात गेले. तिने एका पक्ष्याचं चित्र हलवायला दिलं. पक्ष्याने एक पंख उचलला आणि चहा पिऊन होईपर्यंत तो तसाच! वर डबा इतका तापला की माझी इस्त्री लाजावी. मागचं झाकण उघडायला लावलं तर आत धुळीची गादी आणि चारातले दोन स्क्रू गायब. दुकानदार म्हणाला, बँकेत पक्षी हलवत नाहीत. खरं बोलला बिचारा.

आणखी दोन मशीन दाखवली, पण पोरगी एकच धरून बसली आहे: मावशीकडचाच हवा. का, तर म्हणे हात बसलाय. माझ्या शिलाई मशीनवर मात्र कधी बसला नाही.

तेव्हा पाठव. पण दोन अटी. फुकट नको, दुकानदार जो भाव देईल तो मी देणार. दुसरी, पाठवण्याआधी आतलं सगळं पुसून टाक. राजेंचं नाव, फोटो, गाणी, काही म्हणजे काही ठेवू नकोस. या वेळी मला उसवत बसायचं नाही.

तुझी (नाइलाजाने),
चिमटी

ता. १८ जून

चि. चिमटीस,

अ. उ. आ. वि. वि. पुसलं नाही. का ते सांगते, आणि मग तू पाणी पी.

काल तुझं पत्र शेजारी ठेवून पुसायला बसले. राजेंचं काय होतं म्हणशील तर चार खेळ आणि अडीच गाणी. तीन वर्षांची मिळकत! आणि एका कोपऱ्यात ठिपकीच्या नावाचा फोल्डर. तिची फिल्म. पंधरा दिवसांत अर्धी करून इथेच ठेवून गेली. दादाच्या मशीनमध्ये आपलं ठेवलं म्हणून आई ओरडेल, या भीतीने तुला बोलली नाही, असं तिने फोनवर कबूल केलं. तिचा हात कुठे बसलाय ते आता कळलं?

मी ती बघितली. दोन बहिणी आणि एक फ्रॉक. धाकटीच्या अंगावर आला की प्रत्येक रफूचं फूल होतं आणि फुलं चालायला लागतात. थोरली नवा कोरा फ्रॉक घालून दाराआडून बघत राहते. फ्रॉकच्या गोष्टी तू तिला रोज ऐकवत असशील. दाराआडचं तिला कुणी सांगितलं?

कारण ते खरं आहे. तुला देताना आई प्रत्येक फाटक्या जागी फूल भरायची. माझे फ्रॉक नवे, पण बोडके. मी एकदा एक फूल मागितलं, तर म्हणाली, फाटलं नाही तिथे काय भरू? म्हणून निळ्या फ्रॉकची बाही मीच कात्रीने फाडली. थप्पड मला मिळाली, फ्रॉक तुला गेला. दोन फुलांसकट.

आता खरं तेच लिहिते. पुसायच्या बटणावर माझं बोट बराच वेळ होतं. माझ्या घरात, माझ्या लेकाच्या खुर्चीत बसून तुझ्या लेकीने हे केलं, आणि माझ्या लेकाने अडीच गाणी. पुसलं असतं तर कुणी दोषही दिला नसता. तूच लिहिलं होतंस. मग राजे आले आणि म्हणाले, आई, ते तिचं आहे, हात लावू नकोस. तीन वर्षांत पहिल्यांदा कामाचं बोलले.

मशीन आज निघालं. राजेंचं नाव तसंच आहे. उसवायचं तर उसव.

तुझी,
ताई

ता. ३० जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. फिल्म काल वेळेत दिली. वर्ष वाचलं. मशीन सुरू केलं की पडद्यावर राजेंचं नाव येतं. ठिपकी म्हणते राहू दे, आणि मीही पिन उचललेली नाही. त्यांना सांग, अडीचातलं अर्धं गाणं पोरीने फिल्मच्या शेवटी वापरलंय, त्यांच्या नावासकट.

सोबत निळा गाऊन आहे. नवा आहे, कुठेही फाटलेला नाही. तरी बाहीवर फूल भरलंय. कात्री लांब ठेव.

माझं जळणं संपलं असं मात्र समजू नकोस. दाखवताना पोरीने हळूच आठवण करून दिली, मावशीने आधीच बघितली आहे. म्हणजे माझ्या पोटच्या पोरीची फिल्मसुद्धा मला तुझी बघून झाल्यावरच मिळाली!

लोभ नवाच पाठवावा, वापरलेला चालणार नाही.

तुझी,
चिमटी