रामबाण, टरफलासकट

३ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: रोज थिसिसची दोन पानं. दोन दिवस उशीर झाला, कारण दोन दिवस संकल्पाची मानसिक तयारी चालू होती.

आबांना आता सुईत दोरा ओवता येत नाही. तिसगावच्या बाजारात ज्या माणसाने नुसत्या नजरेने माप घेऊन सदरे शिवले, त्याचं मशीन चादरीखाली. डॉक्टर म्हणाले कंपवात, गोळी जन्मभर. जन्मभर! मग मी फार्मसी कॉलेजात शिकवतो, पीएच.डी. करतो, ती काय चुलीत घालायची? आबांना फोनवर सांगून टाकलं, पाडव्याला तुम्हाला मशीनवर बसवतो. आबा म्हणाले, बरं बाबा, पर तवर गोळी चालू ठिवतो. सख्ख्या बापाचाच विश्वास नाही.

१२ जानेवारी
खाजकुइलीच्या बियांत कंपवातावरचं औषध असतं, हे पुस्तकात आहे. म्हणून सगळे बियाच वापरतात. मेंढरं नुसती! मी अख्खी शेंग वापरणार, टरफलासकट. निसर्गाने टरफल उगीच दिलंय का? डिपार्टमेंटच्या मेहविश मॅडम म्हणाल्या, सर, शेंगेवर जी लव असते ना... पुढचं ऐकलं नाही. ज्युनिअर लोकांना शंका फार.

१९ जानेवारी
कॉलेजचा ग्राइंडर बंद. शेंगा घरच्या मिक्सरमधून काढल्या. सोनेरी पूड. फर्स्ट क्लास.

२० जानेवारी
सविताने त्याच मिक्सरमध्ये चटणी वाटली. सकाळपासून खाजवतेय. म्हटलं, साबण बदल. ती म्हणाली, नवराच बदलते. माहेर संगमनेरातच असल्याने रिक्षा करून निघूनही गेली. माझीही मान चुरचुरतेय. हवा कोरडी आहे.

८ फेब्रुवारी, सकाळ
आज प्रयोग. इंजेक्शन दिलं की उंदीर कंपवाताच्या पेशंटसारखा ताठतो. पुढचे पाय दांडीवर ठेवले की तसाच उभा, उतरतच नाही. त्यावर माझी पूड पाजायची आणि बघायचं.

दुपार
अरे काय सांगू! पूड पोटात गेली आणि गडी दांडीवरून उडालाच. मागच्या पायाने कान, पुढच्या पायांनी नाक, सगळे अवयव एकदम चालू! सगळ्या उंदरांचं तेच. व्हिडिओ काढला. मेहविश मॅडम म्हणाल्या, सर, हे खाजवतायत. मी म्हटलं, मॅडम, खाजवायलासुद्धा मेंदू लागतो.

१ मार्च
थिसिसचं एक पान झालं. आभाराचं.

आबांना सांगितलं, उंदीर बरे झाले, आता तुमचा नंबर. प्रेझेंटेशनला या म्हटलं. आबांनी मशीनला तेल घातलंय म्हणे. हात थरथरून अर्धं जमिनीवर सांडलं. सांडू दे. इतकं खूश मी त्यांना वर्षात ऐकलं नव्हतं.

२२ मार्च, दुपार
प्रेझेंटेशन. व्हिडिओला हॉल हसला. पुण्याच्या एक्स्टर्नल सरांनी विचारलं, हीच पूड निरोगी उंदराला देऊन पाहिली का? म्हटलं, निरोगी उंदराला औषध कशाला? आणि कॉन्फिडन्सने पुडीचा डबा टेबलावर फिरवला. सरांनी वास घेतला. शेजारच्यांनी चिमटीत धरून पाहिली. थोड्या वेळात अख्खी कमिटी माझ्या उंदरांइतकी बरी झाली. कॉलरमध्ये हात घालून सर म्हणाले, शून्यापासून परत करा. आता कळलं, मॅडम लवेचं काय सांगत होत्या. सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं ना त्यांनी!

संध्याकाळ
आबा शेवटच्या रांगेत होते. एसटी स्टँडपर्यंत माझ्या चार पावलं पुढेच चालत राहिले. मला वाटलं, पोराची लाज वाटली. गाडी लागल्यावर विचारलं, त्या उंदराला माझा आजार तुमीच दिला व्हय? म्हटलं, हो, इंजेक्शनने. मंग फुडं त्याचं काय झालं? म्हटलं, काही नाही आबा, इंजेक्शन उतरलं की दुसऱ्या दिवशी आपोआप बरा होतो.

आबांचा चेहरा एकदम उजळला. म्हणाले, मंग माझं कव्हा उतरंल रं?

पीएच.डी.च्या दोन वर्षांत मला इतका सोपा प्रश्न कोणी विचारला नव्हता. म्हटलं, आबा, उंदराचं वेगळं असतं आणि माणसाचं वेगळं.

गाडी सुटली. खिडकीत आबांची मान हलत होती. माझं पटलं म्हणून, की कंपाने, मला ओळखता आलं नाही.