एका माणसापुरती जागा

साखरखेर्डा
८ जानेवारी २०२४

ती. ताईस,
संघर्षचा सप्रेम जयभीम, वि. वि.

सोबत फोटो पाठवतोय. मोबाइलवर धाडले असते तर तू अंगठ्याने सरकवून मोकळी झाली असतीस, म्हणून छापून पोस्टाने. बुलढाण्याच्या प्रदर्शनासाठी गावातलं रोजचंच काढायचं ठरवलंय. लग्नाचे फोटो काढताना माणसं माझ्याकडे बघून हसतात. बाजारात आधी टक लावून बघतात, मग त्यांना माझा कंटाळा येतो. तो येईपर्यंत उभं राहायचं, एवढंच माझं काम.

फोटोंच्या मागे लिहिलेली नावं आईने माणसं ओळखून सांगितली. बाजाराचा फोटो मात्र नीट बघ. आपल्या जुन्या घरासमोरची रांग आहे. झुंबरबाईंची मिरची आणि शेजारचा लसूण यांच्या मधोमध एका माणसापुरती जागा मोकळी आहे. एवढ्या गर्दीत तिच्यात कुणी पाय ठेवत नाही, सगळे वळसा घालून चाललेत. काढताना मला हे दिसलं नव्हतं. आईला विचारलं, तर ती बराच वेळ बघत राहिली आणि उठून भाकरी करायला गेली.

आईची तब्येत ठीक. माया आहेच, ती उत्तरातून दिसू दे.

तुझा,
संघर्ष


सोनाळा
१७ जानेवारी २०२४

चि. संघर्षला अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. लग्नाच्या ऑर्डरी सोडून मोकळ्या जागा टिपत फिरलास तर तुझं स्वतःचं लग्न कोण जमवणार? कुणीतरी चहाला उठलं असेल, दुसरं काय. भुताखेतांना भ्यायचं नाही हे बाबांनी आपल्याला लहानपणीच पढवलं होतं. आज ते असते तर तुझा कानच धरला असता.

तरी खरं सांगते, चष्मा लावून पाहिलं. झुंबरबाईंनी आपली मांडी आवरून घेतलीय, शेजारी कुणी बसलं की आपण घेतो तशी. मग मी फोटो पालथा घातला.

आईबद्दल एका ओळीत उरकू नकोस. जेवते का, झोपते का, सगळं लिही. उत्तराला उशीर केलास तर मी रुसेन, हे ध्यानात ठेव.

तुझी,
धम्मशीलाताई


साखरखेर्डा
३० जानेवारी २०२४

ती. ताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

रुसू नकोस, उशीर भीतीपोटी झाला. नव्या फोटोंतही, गिरणीवर दळणाच्या रांगेत तशीच मोकळी जागा आहे. एसटी थांब्याच्या बाकावर माणसं दाटीवाटीने बसलीत, पण मध्ये एकाला बसता येईल एवढं सोडून. गिरणीवाल्या उकंडरावांना फोटो दाखवला. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाले, तिथं कोणी तरी उभं होतं ना, म्हणून आम्ही सरकलो. कोण, ते त्यांना आठवेना.

फोटो काढले त्या क्रमाने जमिनीवर मांडले. बाजार, गिरणी, थांबा, शाळेची भिंत, आणि आता आपल्या गल्लीचं तोंड. आई दारातून बघत होती. खाली बसली, एकेका मोकळ्या जागेवर बोट ठेवत गेली आणि म्हणाली, "तुह्या बाबाले हे घर कुठी मालूम हाय? पुसत पुसत येऊन राह्यले बिचारे."

खरंच आहे, ताई. बाबा गेले ते जुन्या घरातून. हे आपण नंतर बांधलं.

तेव्हापासून आई रोज संध्याकाळी दारात बसते. जेवण अर्ध्यावर आलंय. ते आले की त्यांच्यासोबत जाईन म्हणते, तेही बाजाराला जाऊन येते म्हणावं इतक्या सहज. मला काही सुचत नाही. तूच सांग आता, पहिल्यापासून सांगत आलीस तसं.

तुझा,
संघर्ष


सोनाळा
१२ फेब्रुवारी २०२४

चि. संघर्षला आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि त्याच दिवशी मी यांना गाडी घेऊन पाठवलं. तू बीबीच्या बाजारात फोटो काढायला गेला होतास, त्यामुळे आईची आणि तुझी भेट झाली नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. आई इथे चांगली आहे. पोटभर जेवते, दुपारी झोपते, माझ्या भाजीला नावं ठेवते. मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचे.

काल माझ्या प्रतीक्षाने ओट्यावर आमचा फोटो काढला. मी आईला अगदी खेटून बसले होते. तिच्या लुगड्याचा काठ माझ्या हाताला लागत होता, हे मी शपथेवर सांगते. फोटोत आई एका टोकाला आहे आणि मी दुसऱ्या. मध्ये एका माणसापुरती जागा आहे. मी कधी सरकले, मला आठवत नाही. भ्यायला हवं होतं, पण मला रडू फुटलं.

आईला फोटो दाखवला नाही. नुसतं विचारलं, आता इथेच राहशील ना? तिने पिशवी भरून खुंटीला लावलेली मला तेव्हा दिसली. ती म्हणाली, "घाई नाही वं. संघर्ष येऊन भेटून गेला का आम्ही दोघं निघतो."

तू हातातलं काम टाकून निघायच्या बेतात असशील, मी ओळखते तुला. तर ऐक. येऊ नकोस. आई रोज वाट बघते, सडकेकडे तोंड करून बसते, तरीही येऊ नकोस. ती विचारेल तेव्हा मी सांगेन की पोराला कामातून सवड नाही.

लोभ असू दे, पण लांबूनच.

तुझी,
ताई